जावई, मावशी आणि डॉक्टरणीचा सोफा

सोफे भरणाऱ्या माणसाचं तोंड कामाच्या वेळी त्याचं स्वतःचं नसतं, खिळ्यांचं असतं. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांपाशी आणायचा, हातोडीच्या चुंबकाच्या टोकानं उचलायचा आणि ठोकायचा. दादा हे बापाकडून शिकला. पन्नाशी ओलांडली, पण एक खिळा कधी गिळला नाही. शब्द मात्र पुष्कळ गिळले. कारण त्याची धाकटी बहीण बेबी, त्याच्या तोंडात खिळे गेले की बरोबर तेव्हाच बोलायला सुरुवात करायची.

त्या दिवशी सकाळी भांडण बेडकावरनं पेटलं.

"बुटात बेडूक होता," दादा म्हणाला. तोंड अजून रिकामं होतं.

"जिवंत?"

"होता. मग मी पाय घातला."

"बघितल्याशिवाय पाय घालतोसच कसा तू?"

"माझा बूट आहे! माझ्या बुटात पाय घालायला मी काय बेडकाची परवानगी काढू?"

"ओरडू नकोस. मावशी घाबरते."

मावशी म्हणजे मांजर. करड्या रंगाची, सुकलेली, एक कान फाटका. घाबरणं तिच्या रक्तात नव्हतं. त्या क्षणी ती कपाटावर बसून दादाच्या मोज्याकडं बघत होती, आपला माल वाया गेला म्हणून.

बेबी नवऱ्याचं घर सोडून आली ती थंडीत. नवऱ्यानं हात उचलला होता, आणि काही पहिल्यांदा नव्हे. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात झाकणाची टोपली. दादानं दार उघडलं, काही विचारलं नाही, नुसतं "ये" म्हणाला. मग टोपलीतनं आवाज आला तेव्हा म्हणाला, "हे काय?"

"माझी माणसं," बेबी म्हणाली.

टोपलीत मावशीबरोबर एक बोकाही होता. पांढरा, जाडजूड, घरातली मऊ जागा हुंगून काढण्यात पटाईत. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं जावई. का म्हणून विचारलं तर सांगायची, "बघ की. येतो, खातो, पसरतो आणि वर आपल्यावरच गुरकावतो."

पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर एक खोली, असं ते घर. मागच्या बाजूला रिकामं पडलेलं रान, कमरेएवढं गवत. दुकानाची मागची खिडकी बंद करायची सोय नव्हती. बंद केली की चिकटवायच्या सोल्युशनच्या वासानं माणूस झिंगायचा. उघडी ठेवली की अर्धं रान घरात. उशीवर सरड्याची शेपूट. पिठाच्या डब्यामागं उंदीर. पंख्यावर चिमणी. एकदा तर न्हाणीच्या दारात गवती साप, चांगला हालता-बोलता. बोलता नसेल, पण दादा जे बोलला ते त्यानं नक्की ऐकलं.

आणि मांजरं मारून आणतील तर शपथ! तोंडात अलगद धरून आणायचं, घरात मधोमध सोडायचं आणि बाजूला बसून पंजे चाटायचे. जसं काय पाहुणा आणलाय, आता चहाचं तुमचं तुम्ही बघा.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं लोक नुसतं म्हणतात. दादानं बांधली. हाताला सात-आठ ओरखडे घेऊन बांधली. संध्याकाळी घंटा त्याच्या चपलेत होती. शेजारी सरडा.

तर त्या दिवशी बेडूक झाला, मोजा बदलला, आणि दोघं कामाला लागली. काम मोठं होतं. दातांच्या डॉक्टरणीचा लांबलचक सोफा. तोच, ज्याच्यावर पेशंट लोक आपला नंबर येईपर्यंत गाल धरून बसतात. स्प्रिंगा नव्या, भरण नवं, वर निळं जाड कापड. संध्याकाळी टेम्पो येणार होता. बसायची बाजू झाली होती, पाठ तेवढी मागून उघडी होती. पाठीचा शेवटचा टाका बेबीचा. वाकड्या सुईनं ती असा टाका घालायची की शिवण शोधायला भिंग लागावं. दादानं हे तिला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. तोंडात खिळे असायचे.

तेवढ्यात खिडकीतनं मावशी आली. तोंडात लांब नाकाचं, काळं, चीं चीं करणारं काहीतरी.

"चिचुंद्री!" बेबी ओरडली.

"हं हंहं!" दादा ओरडला. खिळे.

मावशीनं चिचुंद्री फरशीवर ठेवली. चिचुंद्रीनं एक क्षण विचार केला आणि सुटली ती थेट सोफ्याच्या खाली. दादा पालथा पडला. बेबीनं झाडू फिरवला. फळ्या हलवल्या, चिंध्यांचं गाठोडं झटकलं, काथ्याचं पोतं उपडं केलं. चिचुंद्री काही दिसली नाही. वास मात्र दिसेल इतका दाट होता.

दादानं खिळे हातावर थुंकले. "तुझी मांजरं," तो म्हणाला, "मारतात का? नाही. खातात का? नाही. आणतात! यांना मांजर म्हणायचं का हमाल?"

"चिचुंद्री कुठलंच मांजर खात नाही. वास येतो म्हणून."

"मग आणते कशाला?"

"तुला देते. तू या घरात सगळ्यात वाईट शिकारी आहेस असं तिला वाटतं."

"मला?"

"सहा महिने झाले, एक उंदीर तरी धरलास का तू?"

 दादानं पुन्हा खिळे तोंडात टाकले. बाहेर गेली असेल, असं ठरवून बेबीनं पाठीत आत हात घालून, डोकं घालून बघितलं, आणि टाका घालायला बसली. दुपारपर्यंत पाठ बंद. निळा सोफा असा दिसत होता की आपला एखादा दात दुखावा असं वाटावं.

दादा चहा घेऊन बापाच्या खुर्चीत बसला.

या खुर्चीचं सांगायला पाहिजे. उंच पाठीची, तांबड्या मखमलीची. बापानं स्वतःच्या हातानं भरलेली, स्वतःसाठी. बाप जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती खिडकीशी तशीच होती. तिच्यावर दादानं बसायचं, तेही चहापुरतं, तेही धुतलेल्या पँटीनं. तिची धूळ झटकायची, बाकी तिला हातोडी लावायची नाही. बाप म्हणायचा, "वरचं कापड गिऱ्हाईक बघतं, आतलं भरण देव बघतो." आणि लहानपणी दादानं भरणात कधी चिंधी कोंबली तर लाकडी पट्टी बोटांवर. देव काय बघत होता माहीत नाही, बाप मात्र बघायचा.

पहिला घोट घेतला आणि आवाज आला. खुर्र... खुर्र खुर्र.

दादानं कप ठेवला. सोफ्याकडं बघितलं. उठून सोफ्याला कान लावला. काही नाही. परत येऊन बसला. खुर्र.

"आत आहे," तो म्हणाला.

"कोण?"

"तुझी चिचुंद्री. सोफ्यात शिवलीस तू तिला."

बेबी स्वयंपाकघरातनं हात पुसत आली. "मी डोकं घालून बघितलंय. त्यात काही नाही."

"मी ऐकलं ना!"

"मग आता ऐकव."

दोघं सोफ्यापाशी उभी राहिली. सोफा गप्प. बेबीनं नुसती भुवई उडवली आणि आत गेली. दादा बसला. खुर्र खुर्र खुर्र. आता तर त्याला अंगात थरथर जाणवली, इतका आवाज जवळ. तो उडी मारून उठला. गप्प. बसला, आवाज. उठला, गप्प. ही बया चेष्टा करतेय, असं त्याला वाटलं. मनुष्यजातीनं केलेली चेष्टा त्याला सोसत नव्हती, तिथं चिचुंद्रीची कुठून सोसणार!

डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. दवाखाना, गाल धरून बसलेले लोक, आणि सोफ्यातनं आवाज आणि हा वास. त्यानं पटाशी घेतली आणि पाठीचा टाका एका दमात टराटरा उसवला.

बेबी धावत आली तेव्हा दादाचं अर्धं अंग सोफ्यात होतं.

"काय केलंस हे?" तिचा आवाज एकदम खाली गेला. तो खाली गेला की काही खरं नसायचं.

"शोधतोय."

"सापडली?"

"नाही."

"माझा सकाळपासूनचा टाका तू एका मिनिटात फाडलास. मी सांगितलं होतं काही नाही. माझ्या शब्दाला काही किंमत?"

"बसायच्या बाजूत असेल," दादा म्हणाला, आणि पटाशी लावून तिकडचंही कापड उचकटलं.

त्याच वेळी, अगदी त्याच वेळी, जावई सावकाश आला, बापाच्या खुर्चीपुढं उभा राहिला, आणि दोन्ही पंजे मखमलीत रुतवून खस्सकन ओढले.

दादानं वळून बघितलं. बापाची मखमल. त्याच्या हातात जे होतं ते त्यानं फेकलं. नशीब, पटाशी दुसऱ्या हातात होती, ही काथ्याची गुंडी होती. जावईला लागली नाही, पण तो असा उडाला की चहाचा कप फुटला.

"बाबांच्या खुर्चीला नख लावतो? हरामखोर! खातो माझं, राहतो माझ्याकडं, आणि बाबांच्या खुर्चीला?"

"मांजराला काय कळतंय बाबांची खुर्ची!"

"मग तुला तरी कळतंय का? सहा महिने माझ्या घरात हे चाललंय! बेडूक, साप, घाण! हे घर आहे का पिंजरा?"

"नको असेल तर तसं सांग."

"सांगतोच! नकोत मला! घे तुझी मांजरं आणि जा तुझ्या नवऱ्याकडं!"

बोलून झालं. तोंडात खिळे नव्हते.

बेबी ओरडली नाही. ती म्हणाली, "पहिल्यांदा त्यानं हात उचलला, मी फोन केला होता, तेव्हा बाबा म्हणाले, 'सांभाळून घे.' आणि मागं ठोकल्याचा आवाज येत होता. ठक, ठक. तू तोंडात खिळे घेऊन बसला होतास. तेव्हा एक शब्द बोलला नाहीस. आज बोललास, तर हा."

तिनं टोपली काढली. मावशी आपण होऊन आत बसली. जावईला ढकलून कोंबावं लागलं. पिशवी भरायला तिला वेळ लागला नाही, कारण सहा महिन्यांत तिनं ती पुरती रिकामी केलीच नव्हती. हे दादाला तेव्हाच दिसलं.

"कुठं चाललीस?"

"तू सांगितलंस तिथं."

दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दादाला बहीण ठाऊक होती. ती खरंच जाईल. मार खायला, उपाशी राहायला, पण जाईल, नुसतं भावाच्या शब्दाचं माप भावाच्या पदरात घालायला. सगळं घराणंच तसलं. आपलं नाक कापायचं आणि दुसऱ्याला अपशकुन करायचा. कोपऱ्यावर औषधांच्या दुकानापुढं बस थांबते. तिच्या नवऱ्याच्या गावाची बस तिथूनच जाते.

जाऊ दे, त्याला वाटलं. जाऊ दे तिकडं! माझं काय वाईट केलं मी? घर दिलं, काम दिलं, बुटात बेडूक सहन केला! तो रागानं खिळे तोंडात भरून सोफ्यापुढं बसला आणि दोन खिळे असे ठोकले की दोन्ही वाकडे गेले. पाठ लोंबत होती. तो टाका त्याला घालता येणार नव्हता. तो ज्याला येत होता तो माणूस बसस्टॉपवर उभा होता.

दादा उठला आणि बापाच्या खुर्चीत धपकन बसला. धुतलेली पँट वगैरे काही बघितलं नाही.

खुर्र.

आणि मग त्याच्या बुडाखाली काहीतरी सरकलं.

दादा हलला नाही. श्वाससुद्धा सोडला नाही. बसलं की आवाज, उठलं की गप्प. सोफ्यापासून नव्हे, खुर्चीपासून. सोफ्यात चिचुंद्री असती तर ती याच्या बसण्या-उठण्यावर कशाला गप्प झाली असती? आयुष्यभर बसायच्या जागा बनवल्या, आणि आपण कशावर बसलोय ते कळलं नाही. जावईला कळलं. आणि त्याला दादानं गुंडी मारली.

तो तसाच निघाला. हातात हातोडी, अंगावर काथ्या, दुकानाचं दार सताड उघडं.

बेबी बसस्टॉपच्या बाकड्यावर बसली होती, टोपली मांडीवर. आत जावई असा रडत होता की दोन बायका लांब सरकून उभ्या होत्या. रस्त्याच्या टोकाला बस वळताना दिसत होती.

दादा समोर येऊन उभा राहिला. "हं," तो म्हणाला. "हं हंहं हं."

"थुंक आधी," बेबी म्हणाली.

त्यानं हातावर खिळे थुंकले. आता तोंड मोकळं झालं, आणि काही सुचेना.

"खुर्चीत आहे," तो म्हणाला.

"कुठल्या?"

"बाबांच्या."

बेबीनं त्याच्याकडं बघितलं. मग टोपलीकडं बघितलं. "म्हणजे जावई बरोबर होता."

"होता."

"आणि तू त्याला मारलंस."

"लागलं नाही त्याला."

"मला लागलं," बेबी म्हणाली.

बस येऊन थांबली. दार उघडलं. त्या दोन बायका चढल्या. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "चढताय का, बाई? आणि हे हातोडीवाले कोण? हे येणार असतील तर हातोडी खाली ठेवा."

"थांबा जरा," बेबी त्याला म्हणाली. मग दादाला, "मागं घे."

"काय?"

"काय ते तुला माहीत आहे."

"बेबी, रागाच्या भरात तोंडातनं..."

"भर-बिर नको सांगू. सोफा नाही हा. मागं घे."

"बाई, चढा नाहीतर सोडा!" कंडक्टर ओरडला.

"अहो थांबा म्हटलं ना तुम्हाला! वर्षानुवर्षं मी थांबलेय, तुम्हाला एक मिनिट जमत नाही?" बेबी अशी गरजली की जावईचंसुद्धा रडणं थांबलं.

दादाच्या मुठीत खिळे टोचत होते. "घेतलं मागं," तो म्हणाला. "आणि त्या वेळी फोन चालू होता तेव्हा... तेव्हा मी ठोकत बसायला नको होतं. मला ऐकू येत होतं सगळं."

 बेबीनं कंडक्टरला हातानंच जा म्हणून खूण केली. बस गेली, धूर सोडून.

"मी तुझ्यासाठी परत येत नाहीये," ती उठत म्हणाली. "बाबांच्या खुर्चीचं बूड तू फाडताना मला बघायचंय."

दादानं टोपली उचलली. टोपलीच्या भोकातनं एक पांढरा पंजा बाहेर आला आणि त्याच्या मनगटावर नवा ओरखडा काढून आत गेला. दादानं निमूट घेतला.

घरी येऊन त्यांनी खुर्ची उलटी केली. बुडाचं कापड एका कोपऱ्यात कुजून फाटलं होतं, चांगली दोन बोटं जातील इतकं. धूळ झटकणाऱ्या माणसानं खुर्चीच्या खाली कधी बघितलं नव्हतं. "मांजरं सोड," दादा म्हणाला, "बाहेर आली की धरतील." बेबीनं टोपली उघडली. दादानं पटाशी लावली. बापाच्या हातचे खिळे एकेक करून निघाले, कापड लोंबलं, आणि चिचुंद्री खाली पडली. ती मावशीच्या समोरून, जावईच्या शेपटीवरून, उघड्या दारातनं पसार झाली. मावशी पंजा चाटत होती. जावईनं तोंड फिरवलं.

"बघ तुझे शिकारी," दादा म्हणाला, पण त्याचं लक्ष तिकडं नव्हतं.

खुर्चीतनं भरण ओघळत होतं. काथ्या नव्हता, कापूस नव्हता. चिंध्या. पोत्याचे तुकडे, गिऱ्हाइकांच्या सोफ्यातनं काढलेला जुना कुजका भुसा, दोऱ्यांचा गुंता, एका तुटक्या छत्रीचं कापड. ज्या चिंधीसाठी बोटांवर पट्टी पडायची, त्याच चिंध्या, ठासून, नीट दाबून. वरून मखमल.

दादानं एक चिंधी उचलली, सोडली. "गिऱ्हाइकांना चांगलं द्यायचं म्हणून स्वतःसाठी..." त्यानं सुरुवात केली.

"माझं स्थळ बघायला गेले होते ना, तेव्हाही असंच," बेबी म्हणाली. "वरचं कापड बघून आले. खूप छान आहे म्हणाले."

मग दादानं हातोडी उचलली आणि खुर्चीच्या पाठीत घातली. एकदा नाही, बऱ्याचदा. बोटांवरची पट्टी आठवत घातली, आणि फोनवरचं "सांभाळून घे" आठवत घातली. "देव बघतो!" तो म्हणत होता. "देव बघतो म्हणे! काय बघतो देव? छत्री?" बेबी बाजूला उभी राहून बघत होती. मग तिनं हात पुढं केला. "दे इकडं. दोन माझे." तिनं दोन घातले. दुसऱ्याला पाठ मोडली.

धूळ बसली तेव्हा दोघांनाही खोकला आला होता.

"सोफा," दादाला आठवलं. "टेम्पो येईल."

"सुई दे. वाकडी. आणि ते कापड ताणून धर, फाडलंयस तसं निस्तर."

दादा बसायच्या बाजूला लागला. सवयीनं मूठभर खिळे तोंडाकडं नेले, आणि थांबला. मग डब्याचं झाकण शोधलं, खिळे त्यात ओतले आणि झाकण मांडीवर ठेवलं. काम हळू होत होतं. बोटं शिकलेली नव्हती, खिळे सांडत होते.

"काय रे, दात दुखतायत का?" बेबी म्हणाली. "डॉक्टरीण बघेल सोफ्याबरोबर."

"गप बस आणि टाका घाल. टाका चांगला घालतेस तू."

सुई हवेतच थांबली. बेबीनं वर बघितलं नाही. "आजारी आहेस का?" तिनं विचारलं.

तो उत्तर देणार तेवढ्यात खिडकीत धप्प झालं. मावशी. तोंडात काहीतरी लोंबत होतं, चांगलं वळवळणारं. ती दोघांच्या मधून चालत आली आणि ते तिनं दादाच्या मांडीवर, झाकणात, खिळ्यांवर अलगद ठेवलं.

दादानं तोंड उघडलं. त्यानंतर तो जे बोलला ते मांजराच्या सात पिढ्यांना पुरेल इतकं होतं, आणि त्यातला एक शब्दही गिळलेला नव्हता. बेबीनं सुई खाली ठेवून तितक्याच जोरात उलट सुरुवात केली.

टेम्पोवाला दारात आला. आतला आवाज त्यानं थोडा वेळ ऐकला, मग पायरीवर बसून चप्पल काढली. इतक्यात काही हे आटपत नाही.